आधी कापड ओळखा, मग रंग कालवा

एकाच पातेल्यात, एकाच रंगाच्या पाण्यात दोन पांढरे सदरे बुडवले. तासाभराने एक गर्द निळा होऊन निघाला आणि दुसरा जेमतेम आभाळी. गर्द निघालेल्या सदऱ्यावरही शिवणीच्या टिपा पांढऱ्याच राहिल्या. घरी कपडे रंगवणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या वाट्याला हे कधी ना कधी येतं आणि मग रंगाची पुडी विकणाऱ्याला बोल लावला जातो. पण रंगाने आपलं काम चोख केलेलं असतं. पहिला सदरा निव्वळ सुती होता, दुसरा टेरिकॉटचा. आणि सुती सदरा ज्या दोऱ्याने शिवला होता तो दोरा पॉलिस्टरचा होता. सुताला धरणारा रंग पॉलिस्टरला धरत नाही. म्हणून टेरिकॉटमधलं तेवढं सूत रंगलं आणि शिवणीचा दोरा कोराच राहिला.

जुना कपडा थोड्या पैशांत पुन्हा घालण्याजोगा करायचा तर हे सगळ्यांत आधी ध्यानात घ्यायला हवं. कोऱ्या कापडावर आपली मर्जी चालते. जुन्या कपड्यावर ती निम्मीच चालते. धागा कुठला, आधीचा रंग कोणता, ऊन कुठे लागलंय, घाम कुठे मुरलाय, शिवणीत कापड किती सोडलंय, हे सगळं आपल्या आधीच ठरून गेलेलं असतं. ते पाहता आलं की पैसे वाचतात. रंगाची पुडी महाग नसते. महाग पडतो तो फसलेला कपडा, जाळलेला गॅस आणि बादल्याच्या बादल्या ओतलेलं पाणी.

जुने कपडे वापरणं आपल्याला नवं नाही. थोरल्याचा शर्ट धाकट्याला, आईच्या साडीचं परकर-पोलकं, आत्याचा पंजाबी ड्रेस भाचीला, ही घरातली वाट. दारावर येणारी बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडी देते; ते कपडे धुऊन, डागडुजी करून, इस्त्री फिरवून पुन्हा बाजारात जातात, ही दुसरी वाट. पुण्यात रविवारी आणि बुधवारी जुना बाजार भरतो, मुंबईत रस्त्यावरचे ढीग असतात, आणि आता कॉलेजातल्या मुली आपले जुने टॉप मोबाइलवर फोटो टाकून विकतात. कुठूनही घ्या, घेताना कपडा उजेडासमोर धरा. बगल, कोपर, बसायची जागा आणि मांड्यांची आतली बाजू विरळ दिसली तर तो कपडा कितीही स्वस्त असला तरी खाली ठेवा. दोन्ही अंगठ्यांत धरून हलका ताण द्या. कापड करकरलं किंवा धागे सरकले तर त्यात जीव उरलेला नाही. रंग डाग झाकतो, जीर्णपणा झाकत नाही. उलट गरम पाणी, सोडा आणि ढवळणं यांनी जीर्ण कापड आणखी लवकर फाटतं.

आता धागा ओळखण्याचं. लेबल असलं तर प्रश्नच नाही, पण जुन्या कपड्याचं लेबल बहुधा कापलेलं किंवा पुसलेलं असतं. अशा वेळी आतल्या शिवणीतून दोन-चार धागे काढायचे, चिमट्यात धरायचे आणि स्टीलच्या ताटलीवर काडीने पेटवायचे. आडव्या आणि उभ्या धाग्यांची तपासणी वेगवेगळी करायची, कारण ते नेहमी एकाच जातीचे असतील असं नाही. सूत पटकन पेटतं, जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ करडी राख उरते. रेशीम आणि लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, आणि उरलेली काळी गोळी बोटांत चुरडता येते. पॉलिस्टर वितळतं, काळपट धूर सोडतं आणि मागे टणक मणी राहतो, तो चुरडता येत नाही. कागदाचा वास येऊनही टोकाला टणक मणी राहिला तर ते टेरिकॉट समजा. रेयॉन म्हणजे व्हिस्कोस सुतासारखंच जळतं, आणि रंगाच्या दृष्टीने ते सुताचंच भावंड आहे. दोन्ही सेल्युलोजचेच धागे. कित्येकदा रेयॉन सुतापेक्षाही गडद रंगतं. म्हणून सुती कुर्त्यावर रेयॉनच्या दोऱ्याचं भरतकाम असलं तर ते रंगवल्यावर झळाळून उठतं आणि पॉलिस्टरच्या दोऱ्याचं असलं तर मूळ रंगातच राहतं. दोन्ही छान दिसू शकतं, फक्त आधी ठाऊक असावं.

दुसरी तपासणी पाण्याच्या थेंबाची. धुतलेल्या, कोरड्या कपड्यावर थेंब टाका. लगेच पसरून मुरला तर रंगही मुरेल. थेंब मणी होऊन बसून राहिला तर कापडावर काहीतरी आहे: कपडे मऊ करणाऱ्या द्रावाचा थर, मेण, तेल किंवा सुरकुत्या पडू नयेत म्हणून कारखान्यात चढवलेलं रेझिन. पहिले थर गरम पाणी, साबण आणि चिमूटभर धुण्याचा सोडा घालून अर्धा तास भिजवल्यावर निघतात. रेझिन निघत नाही. बिनसुरकुतीचा म्हणून विकलेला सुती शर्ट शंभर टक्के सुती असूनही फिका रंगतो तो यामुळे.

सुताला पक्का रंग द्यायला माझ्या मते घरच्या घरी एकच उत्तम मार्ग आहे: रिअ‍ॅक्टिव्ह रंग, आणि त्यातही थंड पाण्यात चढणारे. रंगाच्या दुकानात त्यांना कोल्ड ब्रँड म्हणतात. इचलकरंजी, सोलापूर, मालेगाव, भिवंडीसारख्या कापडाच्या गावांत ते सहज मिळतात, आणि मोठ्या शहरांत बाटिक-बांधणीचं सामान ठेवणाऱ्या दुकानांत. हे रंग १९५६ साली ब्रिटनच्या इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीजने प्रोसियन या नावाने बाजारात आणले. रॅटी आणि स्टीफन या दोन रसायनशास्त्रज्ञांचं ते काम. त्याआधी शंभर वर्षं, १८५६ मध्ये, विल्यम पर्किनने जांभळा कृत्रिम रंग शोधला होता, आणि १८८४ मध्ये जर्मनीत काँगो रेड तयार झाला. सुताला तुरटी वगैरे न लावता थेट धरणारा तो पहिला कृत्रिम रंग. पण तो आणि त्याच्या जातीचे रंग धाग्याला नुसते बिलगून राहतात. दर धुण्याला थोडे सुटतात. रिअ‍ॅक्टिव्ह रंगाचा रेणू मात्र सुताच्या रेणूशी रासायनिक बंधाने जोडला जातो. तो जोडला गेला की रंग आणि कापड वेगळं राहत नाही. किराणा दुकानात मिळणारी सर्व कापडांसाठीची घरगुती पुडी बहुधा थेट धरणाऱ्या आणि आम्ल रंगांचं मिश्रण असते. ती उकळत्या पाण्यात वापरायची असते आणि तिचा रंग दोन-चार महिन्यांत उतरू लागतो. गॅसही जास्त जातो. दोन्हींची तुलना केली तर थंड रंगाची डबी आधी महाग वाटली तरी अखेर स्वस्त पडते.

प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. फिकट पिवळा सुती कुर्ता, वजन साधारण २५० ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर कोरडा कुर्ता तोला, अंदाज नको, कारण पुढचं सगळं या वजनावर ठरतं. पाणी कापडाच्या वीसपट, म्हणजे ५ लिटर. मध्यम छटेला रंग कापडाच्या वजनाच्या २ टक्के, म्हणजे ५ ग्रॅम. गडद हवा तर १० ग्रॅम. काळ्याला १५ ते २० ग्रॅम लागतो, आणि काळा रंगवायला सगळ्यांत महाग पडतो तो याच कारणाने. मीठ लिटरला ५० ग्रॅम, म्हणजे पाव किलो. धुण्याचा सोडा लिटरला २० ग्रॅम, म्हणजे १०० ग्रॅम. हा खाण्याचा सोडा नव्हे. खाण्याच्या सोड्याचं पाणी पुरेसं अल्कधर्मी होत नाही, त्यात हा रंग जेमतेम जोडला जातो.

रंगाची पूड आधी थोड्या कोमट पाण्यात घोटून विरघळवा. गुठळी राहिली तर कुर्त्यावर तिचा ठिपका उमटतो. प्लॅस्टिकच्या बादलीत ५ लिटर पाण्यात ते द्रावण ओता. कुर्ता आधी साध्या पाण्यात भिजवून, पिळून मगच सोडा, कोरडा टाकू नका. मीठ दोन-तीन हप्त्यांत घाला आणि वीस मिनिटं ढवळत राहा. मिठाचं काम समजून घेण्यासारखं आहे. पाण्यात रंग आणि सुताचा पृष्ठभाग या दोहोंवर ऋण भार असतो, ते एकमेकांना दूर लोटतात. मीठ ते लोटणं कमी करतं आणि रंग पाण्यातून कापडाकडे सरकतो. मीठ रंग पक्का करत नाही. नवीन कपडा मिठाच्या पाण्यात भिजवला की रंग जात नाही अशी समजूत घरोघरी आहे, पण रंग बांधण्याचं काम सोडा करतो, मीठ नव्हे. व्हिनेगरचंही तेच: ते रेशीम-लोकरीच्या आम्ल रंगांना लागतं, सुताला त्याचा काही उपयोग नाही.

वीस मिनिटांनी कुर्ता बाजूला घ्या, सोडा वेगळ्या भांड्यात विरघळवून बादलीत ओता, मग कुर्ता पुन्हा आत. आता खरी गाठ बसू लागते. पाऊण ते एक तास, पहिली पंधरा-वीस मिनिटं सतत ढवळायचं, नंतर अधूनमधून. आपल्याकडच्या उन्हाळ्यात नळाचं पाणी तसंच चालतं. थंडीत हात सहज बुडेल इतकं कोमट करून घ्यावं. एकसारखा रंग येणं हे रंगाच्या दर्जापेक्षा ढवळण्यावर अवलंबून आहे. कपडा बादलीत घडी पडून बसला की त्या घडीची रेघ कायमची राहते.

यानंतरची धुलाई बहुतेकांची कमी पडते. रंगाचा काही भाग सुताऐवजी पाण्याशीच जोडला जातो आणि निरुपयोगी होऊन कापडात नुसता अडकून राहतो. तोच पुढे शेजारच्या पांढऱ्या कपड्याला लागतो. त्यासाठी आधी दोन-तीन वेळा थंड पाण्यात खळबळायचं, मग साबण घालून खूप गरम पाण्यात पंधरा मिनिटं भिजवायचं, पुन्हा खळबळायचं, आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत थांबायचं नाही. एका कुर्त्याला चार-पाच बादल्या लागतात. जिथे टँकरचं पाणी येतं तिथे मी हा उद्योग एकट्या कपड्यासाठी करा असं सांगणार नाही. एकाच रंगाचे चार कपडे जमवावेत, आणि शेवटचं पाणी अंगण धुवायला वापरावं. सोडा-मीठ असलेलं पहिलं पाणी मात्र झाडांना घालू नये. ते सांडपाण्याच्या मोरीत सोडावं, विहिरीजवळ किंवा उघड्या नाल्यात नाही. बोअरच्या जड पाण्यात सोडा घातल्यावर पांढरट साका धरतो आणि रंग मंद येतो. तिथे रंगाच्या पाण्यापुरतं तरी गाळलेलं मृदू पाणी किंवा साठवलेलं पावसाचं पाणी वापरणं फायद्याचं.

एक सूचना अगदी कळकळीने. रिअ‍ॅक्टिव्ह रंगाची कोरडी पूड श्वासात जाऊ देऊ नका. वारंवार गेली तर दम्यासारखा त्रास जडू शकतो. पूड घोटताना नाकातोंडाला मास्क, हातात रबरी मोजे, खिडकी उघडी पण पंखा बंद. आणि रंगाला वापरलेली बादली, पातेलं, पळी पुन्हा स्वयंपाकघरात नाही.

फिकट पिवळ्या कुर्त्यावर निळा चढवला, तर निळा येणार नाही, हिरवा येईल. घरचा रंग भिंतीच्या रंगासारखा खालचा थर झाकत नाही, तो पारदर्शक असतो आणि खालच्या रंगात मिसळतो. गुलाबीवर निळा चढला की जांभळा, पिवळ्यावर लाल चढला की नारिंगी, हिरव्यावर लाल चढला की तपकिरी. गडदाकडून फिक्याकडे जाता येत नाही. क्लोरीनच्या ब्लीचने रंग काढून मग नवा द्यावा असा मोह होतो, पण जुन्या सुताला ते ब्लीच आणखी कमकुवत करतं, रेशीम-लोकर खाऊन टाकतं आणि जीन्समधल्या ताणल्या जाणाऱ्या धाग्याचा नाश करतं. शिवाय ते संडास धुवायच्या आम्लाशी किंवा व्हिनेगरशी चुकून मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. रंगारी हायड्रोस नावाचं रसायन वापरतात, पण तेही बंद न्हाणीघरात हाताळण्याची वस्तू नव्हे. घरी एकच नियम पाळावा: आहे त्यापेक्षा गडद.

डागांचं गणित वेगळं. तेलाचा डाग रंग अडवतो, त्यामुळे रंगवल्यावर तो फिका दिसतो; बगलेतला घाम आणि डिओडरंटचा थर कधी फिका, कधी गडद. खांदे उन्हाने विटलेले असले तर नव्या रंगातही खांदे एक छटा हलके राहतात. कुठे काय उमटेल ते ओळखायला कपडा ओला करून उजेडात पाहा. ओल्या कपड्यावर जे वेगळं दिसतं ते रंगातही वेगळं दिसण्याची शक्यता मोठी. अशा कपड्याला एकसारखा रंग देण्याचा हट्ट मी सोडून द्यायला सांगेन. दोऱ्याने गाठी बांधून बांधणी करा, खालचा अर्धाच भाग रंगात बुडवा किंवा घड्या घालून दोन बाजूंना चिमटे लावा. डाग नक्षीत हरवतो. हे पळवाट म्हणून नव्हे, कापडाच्या स्वभावाला धरून केलेलं काम म्हणून चांगलं आहे.

स्वयंपाकघरातल्या रंगांबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, कारण सध्या त्यांच्याविषयी फार गोड आणि फार अर्धवट लिहिलं जातं. बीट, पालक, जास्वंद यांचे रंग सुतावर टिकत नाहीत, दोन-तीन धुण्यांत मातकट होऊन जातात. हळद सुताला सहज धरते, पण उन्हात उडते. वरणाचा पिवळा डाग साबण लावताच लाल होतो आणि वाळत घातल्यावर नाहीसा होतो, हे प्रत्येक घराने पाहिलंय. तीच हळद कुर्त्याला लावली तर तिचं वर्तन बदलणार नाही. कपडे धुताना वापरतात ती नीळही कपडा रंगवत नाही. पांढऱ्याचा पिवळेपणा लपवण्यापुरतीच ती असते आणि पुढच्या धुण्यात जाते.

टिकणाऱ्या वनस्पतिरंगांना दोन गोष्टी लागतात: धाग्याला आणि रंगाला एकत्र धरणारा क्षार, आणि सुतासाठी त्याआधी टॅनिन. मोहेंजोदडोत चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेला सुती कापडाचा तुकडा सापडला, तो मंजिष्ठाच्या जातीच्या लाल रंगाने रंगवलेला होता. इतकी जुनी ही विद्या. आपल्या घरी तिचा सगळ्यांत भरवशाचा आणि स्वस्त प्रयोग हिरड्याचा. काष्ठौषधीच्या दुकानातून हिरड्याची पूड आणा, २५० ग्रॅम कापडाला ५० ग्रॅम. गरम पाण्यात कालवून कापड रात्रभर त्यात ठेवा आणि न धुता वाळवा. ते मळकट पिवळसर दिसेल. दुसरीकडे गंजके खिळे, थोडा गूळ आणि पाणी झाकून दोन-तीन आठवडे ठेवलेलं असतं, ते लोखंडाचं पाणी गाळून पातळ करा. हिरड्याचं कापड त्यात बुडवलं की पाहता पाहता करडं होतं, पुन्हा बुडवलं की काळसर. टॅनिन आणि लोह यांचा हा संयोग; राजस्थानातल्या बगरूचे आणि आंध्रातल्या कलमकारीचे कारागीर काळा याच रीतीने काढतात. पण लोह सुताला हळूहळू कुजवतं. जुन्या छापील कापडांत काळ्या रेघांची जागा आधी फाटलेली दिसते ती त्यामुळेच. आपला कपडा आधीच जुना, तेव्हा लोखंडाचं पाणी पातळच असावं आणि बुडवल्यावर लगेच नीट धुवावं.

डाळिंबाच्या वाळलेल्या सालींत स्वतःचंच टॅनिन भरपूर असतं. रसवाल्याकडे त्या फुकट मिळतात, आणि सोलापूर-नाशिककडे तर ढिगाने. सालींचं वजन कापडाच्या निम्मं तरी हवं. तासभर उकळून गाळायचं, तुरटी लावलेलं कापड त्यात मंद आचेवर तासभर ठेवायचं. गवती पिवळा येतो. शेवटी लोखंडाच्या पाण्याचा हलका हात दिला की शेवाळी करडा. कांद्याच्या सुक्या पापुद्र्यांचा तांबूस पिवळा रेशमावर फार देखणा येतो, सुतावर त्यापेक्षा मंद. मोरचूद आणि क्रोमचे क्षार जुन्या कृतींत सापडतात, ते घरात आणू नयेत.

रेशमाला सोडा लावू नका. अल्काने रेशीम निस्तेज आणि कमकुवत होतं. त्याला आम्ल रंग, थोडं व्हिनेगर, आणि उकळी न येऊ देता वाफाळतं पाणी. जरीची साडी तर घरी रंगवण्याच्या फंदातच पडू नये. जरी काळवंडली की परत येत नाही.

आता शिवणकाम. जुना कपडा मोठा असला तर मार्ग पुष्कळ, तोकडा असला तर थोडे. बाजूच्या शिवणी आत घेणं नवख्यालाही जमतं, खांदा आणि मुंढा मात्र अवघड. म्हणून घेताना खांदा बसतो का एवढं पाहा, बाकी सैल असलेलं बरं. सैल करायचं असेल तर कपडा उलटा करून शिवणीतली माया मोजा. तयार कपड्यांच्या शिवणीत जेमतेम एक सेंटिमीटर कापड असतं आणि तेही इंटरलॉक करून कापलेलं, तिथे उसवून हाती काही लागत नाही. शिंप्याने मापाने शिवलेल्या ब्लाउजात, कुर्त्यात, विशेषतः पुरुषांच्या पँटच्या मागच्या शिवणीत अडीच ते पाच सेंटिमीटर माया असते, कारण माणूस जाड होणार हे शिंप्याने धरलेलंच असतं. म्हणून जुन्या ढिगातला शिंप्याच्या हातचा कपडा मी नामांकित कंपनीच्या तयार कपड्यापेक्षा मोलाचा मानते.

माया नसली तर कळी घाला. बगलेपासून खालपर्यंत दोन्ही बाजूंना उभी पट्टी किंवा बगलेत चौकोनी कळी घातली की कुर्ता अंगाला मोकळा होतो. नवं कापड जुळत नाही ही नेहमीची तक्रार असते, आणि इथेच रंगकाम आणि शिवणकाम एकमेकांच्या मदतीला येतात. कळीचं सुती कापड, लांबी वाढवायची पट्टी, ठिगळाचे दोन-तीन तुकडे, हे सगळं कुर्त्याबरोबर त्याच बादलीत रंगवायचं. छटा थोडी वेगळी आली तरी ती एकाच कुळातली दिसते.

खालची दुमड उसवून लांबी वाढवली की एक अडचण ठरलेली: दुमडीच्या आतला भाग मूळ रंगाचा ताजा, बाहेरचा विटलेला, आणि मध्ये घडीची पांढुरकी रेघ. इस्त्रीने ती जात नाही, कारण तिथे कापड घासलं गेलेलं असतं. गडद रंग दिल्यावर ती बरीच बुजते. उरली तर तिच्यावर धावदोऱ्याची एक ओळ किंवा बारीक पट्टी घाला. त्यामुळे कामाचा क्रम असा असावा: आधी गरम पाण्याने धुणं, म्हणजे आटायचं ते कापड आटून जाईल, मग जे उसवायचं ते उसवणं, मग रंग, आणि शेवटी शिवण. बाजारात मिळणारा बहुतेक दोरा पॉलिस्टरचा असतो, म्हणून आधी शिवून मग रंगवलं तर टीप उठून दिसते. रंगवल्यावर दोरा निवडला की तो कपड्याला जुळवून घेता येतो. मूळ शिवणी पांढऱ्या राहिल्याच तर त्यांच्याशी भांडू नका. गडद निळ्या सदऱ्यावर पांढरी टीप मुद्दाम मारल्यासारखी दिसते. खिशाला आणि बाह्यांना तशीच आणखी एक टीप मारली की ती खरोखरच मुद्दामची होते.

आपल्या आज्या-पणज्यांचं या बाबतीतलं शहाणपण मला फार मोठं वाटतं. नऊवारी लुगडं बसून, आवळून मध्यावर विरायचं, काठ-पदर मात्र धडधाकट असायचे. मग विरलेला भाग कापून टाकायचा आणि चांगले तुकडे जोडायचे. त्याला दंड घालणं म्हणत. नेसताना जोड निऱ्यांत जाईल असा हिशेब करून तो घातलेला असे. शर्टाची कॉलर घडीवर झिजली की ती पट्टीपासून उसवून, उलटी करून परत बसवायची. झिजलेली बाजू खाली जायची आणि शर्टाला आणखी दोन-तीन वर्षं मिळायची. हे काम आजही हाताने तासाभरात होतं. दोन्ही बाजूंची टोकं आणि मध्य यांवर खडूने खुणा करून मगच उसवा, नाहीतर बसवताना कॉलर एका बाजूला सरकते.

टेरिकॉट आणि पॉलिस्टरचं काय, हा प्रश्न उरतो. १९४१ मध्ये ब्रिटनमध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन यांनी ज्या धाग्याचा शोध लावला, तो टेरिलीन म्हणून आपल्याकडे आला आणि घराघरांत पोचला. त्याचा धागा इतका घट्ट असतो की कारखान्यात त्याला खास रंग देताना बंद यंत्रात दाबाखाली १३० अंशांपर्यंत तापवावं लागतं. घरच्या पातेल्यात पाणी १०० अंशांच्या वर जात नाही. उकळत्या पाण्यात फिकट छटा येते, पण गर्द आणि टिकाऊ रंगाची अपेक्षा ठेवू नये. अशा कपड्याला रंगावर खर्च करण्याऐवजी कात्री लावावी. पॉलिस्टरच्या साडीचा रंग विटत नाही आणि ती लवकर फाटत नाही, हे तिचे मोठे गुण आहेत. पिशव्या, उशांचे अभ्रे, पावसाळ्यातल्या परकराचं अस्तर, गोधडीची वरची बाजू यांसाठी ती सुतापेक्षा सरस ठरते. टेरिकॉटचा शर्ट मात्र जुन्या जीन्सच्या निळ्यासारखा मळलेला रंग हवा असेल तेव्हा जरूर बुडवा. त्यातलं सूत रंग घेतं, पॉलिस्टर घेत नाही, आणि दोन धाग्यांच्या मिसळणीतून येणारी ती ठिपक्याठिपक्यांची छटा विकत मिळत नाही.

रंगवलेला कपडा पहिले तीन-चार वेळा वेगळा धुवा, उलटा करून सावलीत वाळवा. रंगाच्या बादलीतून निघालेली उरलेली पट्टी फेकू नका. तिच्यावर रंगाचं नाव, ग्रॅम आणि तारीख मार्करने लिहून ती शिवणाच्या डब्यात ठेवा. वर्षभराने कोपर फाटलं की ठिगळ तयार असतं, आणि तोच रंग पुन्हा हवा असेल तर माप शोधत बसावं लागत नाही.